मामेसासऱ्यांचं पिस्तूल

सातारा आणि सांगली मिळून कमरेला पिस्तूल लावणारी माणसं किती असतील ते सरकारला ठाऊक. पण ते पिस्तूल आधी आपल्यालाच चावणार आहे अशा धास्तीनं त्याच्याशी वागणारा माणूस या दोन जिल्ह्यांत एकच, आणि ते म्हणजे माझे मामेसासरे. फौजेतून सुभेदार होऊन परतले, मलकापूरच्या पलीकडे उसात वस्ती बांधून राहिले आणि रीतसर परवाना काढून त्यांनी हे पिस्तूल घेतलं. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा इतर सासरे जावयाला विहीर दाखवतात, मामांनी मला सोप्याच्या कोपऱ्यातली वाळूची बादली दाखवली. पिस्तुलाचं तोंड त्या बादलीकडे धरूनच ते उघडायचं, असा नियम. "जावईबापू, ह्ये सिंगल अ‍ॅक्शन. नुसता चाप वडला तर काय बी हुत न्हाई. मागला घोडा आदी चढाय पायजे. चढल्याला घोडा आन चढल्याला माणूस, दोगांपासनं लांब ऱ्हायाचं."

मी मनात हसलो. पिस्तूल कशासाठी, हे मला मामींकडून कळलं. मामा सीमेवर असताना एका भर दुपारी चार अनोळखी माणसं पाणी मागत अंगणात आली आणि जाईचनात. गडीमाणसं लांब रानात. मामी हातात कोयता घेऊन दारात उभ्या राहिल्या, त्या ती माणसं जाईपर्यंत. मामांना हे कळलं पत्रातून, तेही तीन आठवड्यांनी. "तवापास्नं ह्येंच्या डोस्क्यात बसलंय," मामी म्हणाल्या. मामींना पुन्हा कधी भ्यावं लागू नये, एवढ्या एका गोष्टीसाठी हा माणूस म्हातारपणी कमरेला अर्ध्या-पाऊण किलोचं लोखंड बांधून उसाला पाणी पाजत होता.

पण बांधलेलं तरी कसं? नळी रिकामी, घोडा उतरलेला, वर जाड कातड्याचं म्यान, म्यानाला झाकण, झाकणाला बटण, आणि त्यावर शर्ट. चोर आलाच तर त्याला बसायला पाट देऊन चहा होईपर्यंत थांबवावं लागेल, असं मी एकदा म्हणालो. मामा गंभीरपणे म्हणाले, "थांबंल की. गडबड त्येला आसती, आपल्याला न्हाई." पिस्तूल कुणाच्या हातात द्यायचं तर आधी ते उघडून स्वतः मागच्या बाजूनं नळीत डोकावायचे, मग करंगळी घालून चाचपायचे, मग घेणाऱ्याला तेच करायला लावायचे. "रिकामं हाय आसं म्हनायचं न्हाई. बगायचं." ही शिस्त हळूहळू घरभर पसरली. मामा झाऱ्यानं भजी काढतानाही तर्जनी सरळ ताठ ठेवत. रंगपंचमीला नातींच्या पिचकाऱ्यांची तोंडं जमिनीकडे असत, त्यामुळे त्या घरात फक्त पायच रंगत. औषध फवारायचा पंपसुद्धा ते माणसाकडे तोंड करून ठेवू देत नसत. भज्यांच्या वेळी मामी वैतागून म्हणायच्या, "आवं, झारा हाय त्यो, झारा!"

लग्नकार्यात मात्र पिस्तूल घरी, कपाटात, कुलपात. गर्दीत हत्यार न्यायचं नाही. शिरवळला त्यांच्या पुतण्याच्या लग्नात पाहुण्यांनी "सुभेदार, येक बार हुंद्या हवेत" म्हणून लई आग्रह केला. मामा म्हणाले, "हवेत ग्येल्याली गोळी थितंच ऱ्हाती व्हय रं?" आणि वरातीत दोन हात अंतर ठेवून चालू लागले, कारण दुसऱ्या कुणी आणलं असेल ही शंका त्यांना होतीच. तेवढ्यात नवरदेवाची घोडी बँडला बुजली, तिनं लगाम हिसडला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "घोडा सुटला! घोडा सुटला!" मामांना घोडा एकच ठाऊक, पिस्तुलाचा. मामांनी पलटणीच्या आवाजात हुकूम सोडला, "आडवंऽऽ व्हा!" आणि अख्खी वरात आडवी झाली. क्लॅरिनेटवाला, वरमाय, मी, सगळे रस्त्यावर. आडवे झाले नाहीत ते दोघंच, नवरदेवाला पाठीवर घेतलेली ती घोडी आणि तो नवरदेव. धूळ झटकत मामा म्हणाले, "चला, सराव झाला." आणि मला सांगायला हवं की मी सगळ्यांत आधी आडवा झालो होतो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी सांगलीहून सकाळीच वस्तीवर पोचलो होतो. मामा बादलीसमोर बसून रोजची तपासणी करत होते. पिस्तुलातून गोळ्यांची पेटी काढली, नळी पाहिली, करंगळी घातली. मग तपासताना चढलेला घोडा अंगठ्यानं धरून, चाप दाबून, सावकाश उतरवायला घेतला. अंगठा थरथरला आणि घोडा निसटला. टक्. एवढंच. वाळूला काही झालं नाही, कुणालाच काही झालं नाही.

"रिकामं होतं की मामा," मी म्हणालो.

त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं, तोंड बादलीकडेच. "व्हय. पर अंगठा माझा न्हवता, जावईबापू."

मी समजूत घालायला गेलो. डॉक्टर, गोळ्या, थंडी, वय. त्यांनी ऐकलं नाही. त्याच आठवड्यात मला बरोबर घेऊन ते पिस्तूल जमा करायला पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं पिस्तूल उचलायला हात पुढे केला, तर मामा म्हणाले, "थांबा. आदी बगून घ्या." त्या बिचाऱ्यानंही नळीत डोकावून पाहिलं. मामांनी कागदावर सही केली. सही वाकडी आली. मला फार वाईट वाटलं, आणि चोराला पाट आणि चहा देण्याची ती थट्टा आपण करायला नको होती असं वाटलं.

घरी आलो. मामी सोप्यात शेंगा फोडत होत्या. मामा त्यांच्यासमोर बसले, आणि उभ्या आयुष्यात त्यांचा एवढा खाली गेलेला आवाज मी ऐकला नव्हता.

"दिऊन आलो. आता भ्या वाटंल का गं तुला?"

मामींनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"मला पिस्तूल न्हाई म्हनून भ्या वाटलं न्हवतं, आवं. तुमी न्हवता म्हनून वाटलं हुतं."

मग त्यांनी शेंगांची पाटी मामांपुढे सरकवली. मामांनी एक शेंग उचलली. थरथरत्या अंगठ्याखाली ती काही केल्या फुटेना. मामींनी ती त्यांच्या हातातून घेतली, फोडली आणि दाणे त्यांच्या तळव्यावर ठेवले.