चहात बुडवलेलं जेवण

बायको गेल्यावर कुलूपवाल्याने दुकान काही दिवस बंद ठेवलं, आणि त्याबरोबर स्वयंपाकघरही. दुकान पुढे उघडलं. स्वयंपाकघर काही धड उघडलं नाही.

ती होती तोवर ताटात अंडं, पालेभाजी, कधी मासळी, वाटीभर दही असायचं आणि ते संपवल्याशिवाय उठायची सोय नव्हती. ती गेल्यावर आधी भाजी गेली, कारण निवडायचा कंटाळा. मग मासळी गेली. एकट्यासाठी तळत कोण बसणार? अंड्यांनी पित्त होतं असं त्याचं मत पडलं, तीही गेली. पित्ताची रोजची गोळी मात्र राहिली. शेवटी उरले चहा आणि टोस्ट. पोट भरत होतं, त्यामुळे तक्रार कुणाचीच नव्हती.

लेक दुसऱ्या शहरात होती. ती रोज फोनवर विचारायची, बाबा, काय जेवलात? तो तिच्या आईच्या हातचं एखादं जेवण आठवून सांगायचा. हे खोटं आहे असं त्याला वाटत नसे. जेवला होताच तो ते. फक्त आज नव्हे.

अशी वर्षं गेली. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या, जीभ लालभडक होऊन झोंबू लागली, बोटांची टोकं बधिरली. वय झालं, म्हणून त्याने विषय मिटवला.

एका दुपारी दुकानाच्या वरच्याच घरात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका न्हाणीघरात अडकल्या. त्यांनी झरोक्यातून हाक मारली. बाहेरचं दार नुसतं लोटलेलं होतं, कुलूपवाला हत्यारं घेऊन आत गेला आणि न्हाणीघराच्या कुलपात तार घातली. कुलूप उघडतं ते बोटांना लागणाऱ्या अंदाजाने, डोळ्यांचा त्यात फारसा संबंध नसतो. बराच वेळ काहीच झालं नाही.

"कुलूपवाले, झोप लागली का?" आतून विचारणा झाली.

"तार पडली, बाई."

"मग उचला."

"उचललीय असंच वाटत होतं."

शेवटी त्याने हातोडा काढला आणि कुलूप फोडलं. असलं काम तर कुणीही केलं असतं. त्याची मान खाली गेली.

बाई बाहेर आल्या. त्याचा हात धरून त्यांनी बोटाला टाचणी टोचली आणि कळतंय का विचारलं. काय कळतंय, असं त्यानेच उलट विचारलं. मग काल काय खाल्लं, असा प्रश्न आला. त्याने पालेभाजीपासून सुरुवात केली. पण बाईंनी आयुष्यभर न केलेल्या गृहपाठाची कारणं ऐकली होती. त्या नुसत्या बघत राहिल्या.

"चहा-टोस्ट," तो म्हणाला.

"आणि परवा?"

"तेच."

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्याला डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. रक्त तपासलं तेव्हा बी-बारा जवळजवळ संपलेलं निघालं, लोह आणि डी जीवनसत्त्वही बेताचंच. पित्ताच्या गोळीनेही हातभार लावला होता. बी-बारा शरीर वर्षानुवर्षं साठवून ठेवतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तुमच्या मिसेसनी खाऊ घातलेल्यावर तुम्ही आजपर्यंत निभावलंत. आता ते संपलं."

इतकी वर्षं बायकोचं काहीतरी आपल्यात होतं, ते आपणच खाऊन टाकलं, एवढंच घरी जाताना कुलूपवाल्याच्या मनात घोळत राहिलं.

संध्याकाळी त्याने लेकीला खरं सांगितलं. ती बॅग घेऊन आली आणि बापाला अंडी, भाजी, डाळ करायला शिकवून परत गेली. इंजेक्शनं सुरू झाली. पायाचे अंगठे पुरते जागे झाले नाहीत. उशीर झाला होता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बोटं मात्र हळूहळू परतली. एका सकाळी तव्याची कड लागून त्याला कडकडून चटका बसला. तो बोटाकडे बघत चुलीपाशी तसाच उभा राहिला. लेकीने फोनवर मलम लावायला सांगितलं. त्याने हो म्हटलं, आणि दिवसभर लावलं नाही.