मार्थाआक्कांनी दार काढलं

सीमाभागातल्या आमच्या वडगावच्या गल्लीत एक घर असं होतं, की शेवटची चार वर्षं त्याला दारच नव्हतं. चौकट होती, उंबरा होता, उंबऱ्यासमोर रोज सकाळी सडा पडायचा. दार तेवढं नव्हतं. जुन्या साडीचा एक पडदा लोंबत असायचा, तोही दिवसभर बाजूला सारलेला. नवीन आलेला माणूस हटकून विचारायचा, "आक्का, चोर आला तर?" मार्थाआक्का चष्म्यावरून त्याच्याकडं बघायच्या. "येऊ दे की! न्हेऊन न्हेऊन काय न्हेईल? फळीवरचं शास्त्राचं पुस्तक. न्हेऊ दे. वाचंल तरी मुडदा!"

ते दार का निघालं हे मलाच सांगायला पाहिजे. कारण ते निघताना खालून मी धरलं होतं, आणि धरून झाल्यावर मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते.

मार्थाआक्का मूळच्या निपाणीच्या. आई विड्या वळायची. लग्न होऊन इथं आल्या. नवरा शांतवन आमच्या आप्पांच्या कारखान्यात साड्यांच्या मागावर होता. तो लवकर गेला आणि आक्का त्याच कारखान्यात धागे सांधायला लागल्या. मागावरचा ताणा संपत आला की नव्या ताण्याचं बीम चढवायचं, आणि जुन्या ताण्याच्या एकेका धाग्याला नव्याचा एकेक धागा गाठ मारून जोडायचा. हजारो धागे, केसासारखे. पाठ वाकवून दोन-दोन दिवस बसायचं. आक्कांची गाठ फणीत अडकली असं कधी झालं नाही. हात चालू असताना ओठांत त्यांच्या देवळातलं एखादं गीत चालू असायचं. चर्चला त्या देऊळच म्हणायच्या. मी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून ती गीतं ऐकली आहेत, त्यामुळं अर्धी मला पाठ आहेत. सांगून ठेवतो, त्यानं माझा देव बदलला नाही.

बाई मनानं मऊ होती असं कुणी म्हणालं तर खुशाल हसा. एकदा ऐन लग्नसराईत साड्यांची मोठी ऑर्डर अडकली होती. आप्पा म्हणाले, "मार्था, एक रविवार ये. एकच." आक्कांनी हातातला धागा सोडला नाही. "आप्पा, सहा दिस तुमचं. सातवा त्याचा. त्यो मागितलासा तर हे सहा बी न्हाईत." आप्पांनी धोटा भिंतीवर आपटला. रविवारी कारखाना आक्कांविना तसाच खोळंबला, आणि सोमवारी उजाडायच्या आत आक्का कारखान्याच्या पायरीवर बसलेल्या. "कुलूप काढा. का आज तुमचा रविवार हाय?"

खंडेनवमीला आमच्यात मागांची पूजा असते. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. पहिल्या वर्षी आईनं ताट त्यांच्यापुढं धरलं. दुसरी एखादी असती तर काहीतरी निमित्त काढून घरी थांबली असती. आक्का आल्या आणि सरळ म्हणाल्या, "वैनी, मी हात जोडणार न्हाय. माझा देव एकटाच हाय आणि त्याला वाटणी चालत न्हाय. पण ह्या मागाचं मी खाल्लंय. तेल कुठं ठिवलासा?" आणि पदर खोचून त्यांनी एकूण एक माग पुसून काढला, तेलपाणी केलं. पुढं तो रिवाजच पडला. नवमीच्या आदल्या दिवशी माग आक्कांनी पुसायचे, पूजा आम्ही करायची.

आईला मात्र प्रसाद नाकारल्याचा राग होता. नाताळला आक्का डबाभर करंज्या घेऊन आल्या, तर आई म्हणाली, "आमास्नी बी नगोत तुमच्या देवाच्या." आक्का उंबऱ्यातच फतकल मारून बसल्या. "ह्या कुणा देवाला दावलेल्या न्हाईत, वैनी. नुसत्या तळल्यात. खावा, न्हायतर मी उठत न्हाय." आईला हसू आवरेना. त्यानंतर दरवर्षी डिसेंबरात आई त्या डब्याची वाट बघायची, तिच्या शेवटच्या डिसेंबरातसुद्धा.

आता मुद्द्याचं. सहा वर्षांपूर्वी आमची लेक गेली. नऊ वर्षांची होती. ताप आला आणि चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. माझी बायको सुमन बोलायचीच थांबली. नातेवाईक आले, शहाणपण सांगून गेले. कुणी नशीब म्हणालं, कुणी गेल्या जन्मीचं काढलं. आक्का रोज संध्याकाळी यायच्या, सुमनजवळ भिंतीला टेकून बसायच्या आणि तासाभरानं उठून जायच्या. एक अक्षर बोलायच्या नाहीत. मीच एकदा विचारलं, "आक्का, काहीतरी बोला की तिच्याशी." तर माझ्यावरच डाफरल्या, "काय बोलू? तुझ्याकडं हाय काय बोलण्यासारखं? मग गप बस."

आक्कांच्या घरी दर रविवारी चार वाजता सात-आठ बायका जमायच्या. गीतं म्हणायच्या, आक्का शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एखादा भाग वाचायच्या, मग चहा. त्यातल्या निम्म्या त्यांच्या देवळातल्या, निम्म्या आमच्या गल्लीतल्या, कपाळावर कुंकू असलेल्या. एका रविवारी सुमन आपणहून उठली, समोरच्या आक्कांच्या घरी गेली आणि त्यांच्यात जाऊन बसली. पुढच्या रविवारी परत गेली. काही महिन्यांनी भाकरी थापताना ती गुणगुणायला लागली. मी कारखान्यात जाऊन ढसाढसा रडलो. का लपवू? रडलो.

आणि मग प्रकाश आला. कोपऱ्यावर त्याचं मोबाईलचं दुकान आहे. तिशीतला, तसा कामाचा माणूस. गल्लीतल्या मंडळाचा तो म्होरक्या. सोबत चारजण आणि हातात पोलिसांत द्यायचा टाईप केलेला अर्ज. म्हातारी बायकांना भुलवून बाटवते, घरातल्या घरात दार लावून धर्मांतर चाललंय, असा मजकूर. एरवी कानडी पाटी दिसली की ज्यांच्या अंगाचा तिळपापड होतो, त्यांनी हा अर्ज मात्र शुद्ध कानडीत करून आणला होता. "अण्णा, वैनी तिथं जात्यात. तुमची सही झाली की काम फत्ते. रविवारी घेऊन येतो." गल्लीत राहायचं होतं, मागाला माणसं इथलीच लागत होती. मी म्हणालो, "बघू." ह्या दोन अक्षरांत माझा सगळा भेकडपणा आला.

संध्याकाळी मी आक्कांकडं गेलो. म्हणालो, "आक्का, चार रविवार बंद ठेवा. न्हायतर मागच्या खोलीत बसा, दार लावून, हळू आवाजात." आक्का तांदूळ निवडत होत्या. "आमच्या देवळाचं पाळकसाहेब बी हेच सांगून गेलं. लई काळजी माझी सगळ्यांना!" मग ताट खाली ठेवलं. "बाळू, तुझ्या बायकोला मी कधी म्हटलं काय, ख्रिस्ती हो म्हणून?"

"न्हाय."

"अरं, मला एकटीला नीट ख्रिस्ती व्हायला जलम पुरंना! तुमास्नी कुठनं करू? ज्याला यायचं त्यो येईल, ज्याला जायचं त्यो जाईल. पण दार लावून देवाचं नाव घ्यायला मी काय हातभट्टी लावलीया?"

रविवारी साडेतीनला आक्का आमच्या दारात. "स्क्रूड्रायव्हर दे. आणि चल जरा." मला वाटलं बिजागरी सैल झाली असेल. आक्कांनी स्टूल घेतलं, वर चढल्या आणि वरच्या बिजागरीचे स्क्रू काढायला लागल्या. सहासष्ट वर्षांची बाई! "बघतोस काय रं, धर खालनं." मी धरलं. दार निघालं. आम्ही दोघांनी ते आमच्या कारखान्यात नेऊन भिंतीला उभं केलं. "दार लावतो म्हणत्यात न्हवं? आता लावून दाखव म्हणावं."

चारला बायका जमल्या. चटई उंबऱ्यापर्यंत आलेली, गल्लीतून सगळं दिसत होतं. प्रकाश आणि मंडळी मोबाईल धरून उभी. आक्का म्हणाल्या, "बाहेर कशाला? आत या. चपला काढा." कुणी हललं नाही. मग त्यांनी प्रकाशच्या हातातून अर्ज घेतला, चष्मा चढवला आणि मोठ्यांदा वाचला. निपाणीच्या शाळेत कानडी शिकलेल्या होत्या त्या. "वय चुकलंय. त्रेसष्ट न्हाय, सहासष्ट. एवढं लिव्हलासा तर नीट तरी लिव्हा!" कागद परत दिला, आणि वळून गीत सुरू केलं.

प्रकाशनं तो कागद माझ्यापुढं धरला. चटईवरून सुमन माझ्याकडं बघत होती. मी सही केली नाही. पण कागद फाडलाही नाही, "चालते व्हा" म्हणालो नाही. मी मुकाट्यानं कारखान्यात गेलो आणि बंद दिवस असताना एक माग चालू केला. खटाखट, खटाखट. गाणं ऐकू येऊ नये म्हणून. नवऱ्याच्या सहीशिवाय अर्जाला काही अर्थ नव्हता, म्हणून पोरं निघून गेली. ते नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त माग चालवत होतो.

सोमवारी आक्का वेळेवर हजर. माझी मान वर होईना. त्या त्याच मागाशी गेल्या, वाकून बघितलं. "काल लई बेताल वाजत हुता. बघ, धागं तोडून ठिवलास." आणि खाली बसून तुटलेले धागे एकेक सांधायला लागल्या. एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दार त्यांनी परत बसवलं नाही. चार पावसाळे, चार हिवाळे. मी दरवर्षी म्हणायचो, "आता झालं की आक्का, बसवतो." "राहू दे तुझ्याकडंच," म्हणायच्या.

यंदा आक्का गेल्या. सकाळी चहा ठेवला आणि तिथंच बसल्या जागी गेल्या. त्यांच्या देवळातली माणसं आली, मीही खांदा दिला. निपाणीहून भाचा आला. सज्जन माणूस, पण घर विकायचं म्हणाला. "दार तुमच्याकडं हाय म्हणं?" मीच ते परत नेलं आणि मीच बसवलं. त्यानं बाहेरून कुलूप घातलं आणि गेला.

त्यानंतरच्या रविवारी चार वाजता बायका आल्या. सवयीनं आल्या असतील. कुलपासमोर उभ्या राहिल्या. एकीच्या हातात आक्कांचं ते शास्त्राचं पुस्तक होतं, फडक्यात बांधलेलं. सुमन त्यांच्याकडं बघत होती आणि मग तिनं माझ्याकडं बघितलं. चार वर्षांपूर्वी चटईवरून बघितलं होतं ना, अगदी तसंच.

मी उठलो. आत देव्हाऱ्यात दिवा लावलेला होता, तो तसाच होता. लेकीच्या फोटोला हार होता, तोही तसाच. पुढच्या सोप्यात चटई टाकली, बायकांना म्हणालो, "आत या." स्क्रूड्रायव्हर घेतला, स्टूल ओढलं आणि माझ्या घराच्या दाराच्या वरच्या बिजागरीला हात घातला.

कोपऱ्यावरून प्रकाश आला. त्याचे केस कानाशी पिकायला लागलेत आता. स्टुलाशी येऊन थांबला. मग हळूच म्हणाला, "अण्णा, तुमी बी झालासा काय त्यांच्यातलं?"

"न्हाय रं. हाय तिथंच हाय मी."

"मग हे काय?"

वरची बिजागरी सुटली होती आणि दार कलायला लागलं होतं.

"बघतोस काय रं," मी म्हणालो, "धर खालनं."

त्यानं एकदा गल्लीच्या दोन्ही टोकांकडं बघितलं. मग त्यानं दार धरलं.