नंदीचा उतार आणि मागचा ब्रेक

आमचं बंगळुरजवळच्या नंदीच्या डोंगरावर जायचं ठरलं ते शेजारच्या अक्कांमुळे. साठच्या दशकातली गोष्ट. आम्ही मल्लेश्वरममध्ये भाड्याने राहत होतो. माझे यजमान दिनकर एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. आमची मंगल नुकती बसायला लागली होती, आणि तिच्या जन्मापासून मी बाजार आणि दवाखाना सोडून कुठे गेले नव्हते. अक्का मूळच्या बेळगावकडच्या, पण बंगळुरात इतकी वर्षं काढलेली, की मराठी बोलता बोलता कन्नडात कधी शिरायच्या ते त्यांनाही कळायचं नाही. एका शनिवारी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "किती दिवस घरात बसतेस गं? उद्या जावा की दोघं कुठं तरी. पोर माझ्याकडं राहील. स्वल्प दूध तेवढं ठेवून जा, सरी?"

दिनकरना एवढं पुरे होतं. त्यांनी नुकतीच एक जुनी मोटारसायकल घेतली होती आणि तिला लांब न्यायला ते निमित्तच शोधत होते. रविवारी उजाडताच निघालो. अक्कांच्या कडेवरून मंगल आमच्याकडे बघत होती. रडली नाही. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी मला पुढे किती वेळा वाटलं!

आज तुम्ही विमानतळाच्या रुंद रस्त्याने भुर्रकन जाता. तेव्हा हेब्बाळचं तळं मागे पडलं की शहर संपायचं. पुढे येलहंका, मग अरुंद डांबरी रस्ता, दोन्हीकडे द्राक्षांचे मांडव आणि मधूनमधून बैलगाड्या. हवा इतकी गार, की मी पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला होता. देवनहळ्ळीला इडली-चटणी खाल्ली, पपनस घेऊन पिशवीत टाकलं. हॉटेलात शेजारच्या बाकावर दोघे जण बोलत होते. माझं कन्नड तेव्हा भाजीबाजारापुरतं. 'बेट्टा' म्हणजे डोंगर, 'बिद्दु होय्तु' म्हणजे पडलं, एवढं समजलं. काय पडलं, कुठून पडलं, ते नाही समजलं.

"काय म्हणताहेत हो?" मी विचारलं.

"काही नाही. कॉफी घे, निवेल."

देवनहळ्ळी सोडून थोडं गेलो आणि मागचं चाक डगमगायला लागलं. पंक्चर. दिनकरना राग आला नाही, उलट उत्साहच आला. पाने, पंप, ठिगळाचं सामान, सगळं बरोबर होतं. झाडाखाली गाडी स्टँडवर घेऊन त्यांनी चाक काढलं, ट्यूबला ठिगळ लावलं, चाक परत बसवलं. मागचं चाक काढायचं म्हणजे ब्रेकचा रॉड सोडवावा लागतो. तो जोडल्यावर त्यांनी पेडल दाबून पाहिलं, तर फार खोल जात होतं. म्हणून रॉडच्या टोकाचा नट आवळला. पेडल कडक लागलं. "झकास," म्हणाले आणि निघालो.

घाट चढताना गाडी कण्हत होती. मी म्हटलं, चढ आहे, आम्ही दोघं आहोत, म्हातारी गाडी आहे. त्या काळी बायका एका बाजूला पाय सोडून बसायच्या. माझे पाय डावीकडे, आणि मागच्या ब्रेकचा ड्रम, चाकाच्या मध्यातला लोखंडी डबा, तोही डावीकडेच. अर्धा घाट झाल्यावर घोट्याला ऊब लागायला लागली. मग जळका वास. इस्त्री विसरली की कपड्याला येतो तसा.

"अहो, काही तरी जळतंय!"

"क्लच असेल. आलंच आता वर."

वर पोचल्यावर मी रुमाल ओला करून ड्रमला लावला. चर्रकन वाफ आली. दिनकरांचा चेहरा उतरला. चाक हाताने फिरवायला गेले तर जेमतेम फिरत होतं. ब्रेक सबंध घाटभर घासत आला होता. त्यांनी नट सैल केला, चाक मोकळं झालं, आणि आम्ही ड्रम निवण्याची वाट बघत झाडांखाली बसलो. भोवती धुकं, खाली पसरलेली तळी, बागेत फिरणारी माणसं. मी पपनस सोललं आणि तसंच परत पिशवीत ठेवलं. ज्या रस्त्याने आलो त्याच रस्त्याने उतरायचं होतं.

गाडी निवल्यावर दिनकरांनी सपाटीवर एक फेरी मारली. "थांबते," म्हणाले. मी बसले.

पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्याच्या आधी उतार एकदम तीव्र होतो. त्या गाडीच्या ब्रेकचं पेडल डावीकडे होतं; दिनकरांचा डावा पाय खाली गेला, आणखी खाली गेला, आणि वेग कमी झाला नाही. पुढचा ब्रेक त्या गाडीला नावापुरताच होता. त्यांनी तोही आवळला.  त्यांच्या पाठीचे स्नायू माझ्या हाताखाली ताठ झाले, त्यावरून मला कळलं. उजवीकडे डोंगराची भिंत, डावीकडे बुटके कठड्याचे दगड आणि त्यापलीकडे नुसतं पांढरं धुकं. माझे पाय त्या धुक्याच्या बाजूला लोंबत होते.

"घट्ट धर," एवढंच ऐकू आलं. त्यांनी गिअर खाली टाकला. इंजिन किंचाळलं, गाडीला हिसका बसला, आणि वळण यायच्या आत त्यांनी ती उजवीकडे रस्त्यापलीकडच्या मातीच्या बांधात घातली. आम्ही दोघं पडलो. माझं कोपर सोललं, त्यांचा गुडघा फुटला. मोटारसायकल आडवी पडून चाक फिरवत राहिली.

मी उठले नाही. मातीत बसून मंगलचं नाव घेत राहिले. ते जवळ आले, माझे हात-पाय चाचपले, आणि मग तेही शेजारी बसले. समोरून काही येत असतं तर, हा विचार दोघांच्याही मनात आला असणार. 

थोड्या वेळाने ते म्हणाले, "चाक परत काढतो. असं सोडून चालणार नाही."

बांधाला टेकवून गाडी उभी केली. चाक बाहेर आल्यावर ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेकचे दोन अर्धगोल शू दिसले. दिनकर ते न्याहाळत होते. मी वाकून पाहिलं.

"ह्यातला एकच काळा का?" मी विचारलं.

खरंच, एक शू जळून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. दुसऱ्यावर जुनी धूळ तशीच बसलेली, कशाला टेकल्याची खूणच नाही. दिनकरांनी त्यावरून बोट फिरवलं. मग हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखं सांगायला लागले. चाक बसवताना आसाचा नट त्यांनी तसाच आवळला होता. ज्या तबकडीवर हे शू बसवलेले असतात ती ड्रमच्या मध्यावर आलीच नाही, एका अंगाला सरकलेली राहिली. म्हणून एकच शू घासत होता. नट आवळला की तो जळायचा, सैल केला की दुसरा पोचायचाच नाही.

"मग?"

"आसाचा नट सैल ठेवायचा, पेडल जोरात दाबून धरायचं, म्हणजे दोन्ही शू ड्रमला सारखे टेकतात आणि तबकडी आपोआप मध्यावर येते. पेडल दाबलेलं असतानाच नट आवळायचा. पण मला एकट्याला दोन्ही जमणार नाही."

त्यांनी गुळगुळीत शू दगडावर घासून खरखरीत केला, चाक बसवलं. मी साडी खोचली आणि पेडलवर उभी राहिले, बांधाला हात टेकून, सगळ्या वजनानिशी. "सोडू नकोस," ते म्हणत होते, "सोडू नकोस हं." पाना फिरत होता, माझी पोटरी थरथरत होती. मग रॉडचा नट, असा की चाक मोकळं फिरेल आणि पेडल जरासं दाबताच अडेल. तुमच्यापैकी कुणी मागचं चाक स्वतः बसवणार असेल तर एवढं कराच: पेडल दाबून आस आवळा, चाक हाताने फिरवून बघा, आणि घाट लागण्याआधी ड्रमला हात लावून बघा.

चाक मोकळं फिरलं. पेडल दाबलं की जागच्या जागी थांबलं. मी सीटकडे वळले तर दिनकर म्हणाले, "तू चालत ये."

"का? झालं ना नीट?"

"झालंय असं वाटतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोघांनी एका गाडीवर नको. मंगल आहे."

मी भांडले नाही. भांडायला हवं होतं असं तेव्हाही वाटलं नाही. ते निघाले आणि मी मागून चालायला लागले. वळणामागे ते दिसेनासे झाले, पण इंजिनचा आवाज खालून येत होता. आवाज बारीक झाला की मी थांबायची, पुन्हा आला की चालायची. कधी तो उजवीकडून यायचा, कधी पायांखालून. त्या आवाजाशिवाय मला दुसरं जगच नव्हतं.

आणि तो थांबला.

कसली धडक नाही, हाक नाही. नुसता थांबला. मी चपला हातात घेऊन पळत सुटले. खडी टोचत होती, पदर सुटला होता. वर येणाऱ्या एका माळ्याने "एनाय्तम्मा?" म्हणून विचारलं, काय झालं बाई म्हणून.  त्याला बाजूला सारून मी पुढे गेले.

वळणापलीकडे मोटारसायकल रस्त्याच्या कडेला सरळ उभी होती. दिनकर तिच्यावर बसले होते, दोन्ही पाय जमिनीवर, हात मांड्यांवर. 

"काय झालं?" मी ओरडले.

"काही नाही. इंजिन बंद करून थांबते का ते बघत होतो."

"मग?"

"थांबली."

मी खालीच बसले. हसू येत होतं की रडू, कोण जाणे. माळी मागोमाग धावत आला होता. त्याने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मान हलवली आणि परत चढायला लागला.

तरीही पायथ्यापर्यंत मी चालतच उतरले. आता ते प्रत्येक वळणापलीकडे थांबत होते, मी दिसले की पुढे जात होते. सपाटीवर मागे बसले तेव्हा ड्रमला हात लावून पाहिला. कोमट होता, बस्स. येलहंक्याला चहा घेतला. आम्ही दोघंही मातीने माखलेलो, हॉटेलवाला बघत राहिला.

संध्याकाळी अक्कांच्या दारात पोचलो तर मंगल त्यांच्या मांडीवर भाताचं शीत चोखत होती. "कसं होतं गं नंदीला?" अक्कांनी विचारलं. "थंड होतं," मी म्हटलं. त्यांनी माझ्या कोपराकडे बघितलं. हळद तेवढी आणून दिली.

नंदीला आम्ही नंतर पुष्कळदा गेलो, मंगललाही नेलं, पण बसने. तिथलं धुकं, ती तळी मला खरं तर दुसऱ्या खेपेलाच दिसली. दिनकर ती मोटारसायकल पुढे कितीतरी वर्षं चालवत राहिले आणि दर वेळी मागचं चाक बसवताना मला हाक मारायचे. मी पेडल दाबून उभी राहायची. 

त्या संध्याकाळी मात्र, गुडघा धुताना, त्यांनी विचारलं होतं, "आवाज थांबल्यावर तुला काय वाटलं?"

"तुमच्या आईंना आता तार करावी लागणार, असं वाटलं. मजकूर जुळवत होते."

ते हसले. मग हसायचे थांबले. "काय जुळवलंस?"

मी मंगलला पाजायला आत गेले. तो मजकूर मला अजून पाठ आहे. कुणालाच सांगितलेला नाही.