तोंडं उघडण्याची वेळ

कवळीवाल्यांनी उभी हयात दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवण्यात घालवली, आणि काम थांबल्यावर हौसेनं पाळलं काय, तर ज्याला नुसती तोंडंच आहेत असलं जनावर. बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात, मुठीएवढा दगड आणि त्यावर दाटीवाटीनं वाढलेलं केशरी प्रवाळ. इतर बरीच प्रवाळं उजेडावर पोट भरतात. हे मात्र उजेडाला भीक घालत नाही. याच्या एकेका तोंडात घास द्यावा लागतो, नाहीतर ते उपाशी मरतं.

संध्याकाळ झाली की कवळीवाले पाण्याचा पंप बंद करायचे, म्हणजे घास वाहून जात नाही. मग कोळंबीच्या चुऱ्याचं पाणी थेंबभर सोडायचं. वास लागला की मिटलेली तोंडं हळूहळू उमलत, आणि हे ड्रॉपर घेऊन एकेकाला भरवत बसत. "मला कधी इतक्या निगुतीनं कपभर चहा दिला नाहीत," असं बायको म्हणायची. तुला हातपाय आहेत, यांना कुठे आहेत, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मग एकदा टाकीला घाण वास यायला लागला. पंप बिघडला असेल असं तिला वाटलं. पण त्या संध्याकाळी तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी भरवलं, ड्रॉपर धुऊन ठेवला, चहा घेतला, आणि उठून पुन्हा पंप बंद केला. आत्ताच तर भरवलंत, असं ती म्हणाली, तर ते तिलाच हसले. खाल्लं न गेलेलं अन्न तळाशी सडत होतं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हे विसरणं वाढतच जाणार, त्यांच्याशी वाद घालू नका, एवढंच सांगितलं. पण तिनं मनाशी एक धरलं. सुनेचं नाव अडखळत होतं, घराचा जिना चुकत होता, तरी ड्रॉपर हातात आला की त्यांचा हात अचूक प्रवाळाच्या एकेका तोंडाशी जायचा. तेवढा वेळ तिला आपला नवरा जसाच्या तसा परत मिळायचा. म्हणून ते प्रवाळ जगायला हवं होतं. तिला दुसरं काही नको होतं.

तिनं कोळंबीचं पाकीट लपवून पाहिलं. त्यांनी घर डोक्यावर घेतलं, आणि शेवटी टाकीसमोर बसून रडले, की तू यांना उपाशी मारतेस. तिच्यानं ते बघवेना. पाकीट परत दिलं. मग ते आंघोळीला गेले की ती नळीनं घाण पाणी उपसायची, मीठ कालवून नवं पाणी ओतायची. बादल्या उचलून गुडघे गेले. जिनं जन्मात त्या टाकीत बोट घातलं नव्हतं, तिला आता पाण्याच्या वासावरून कळायचं, आज किती वेळा भरवलंय ते. पण आभाळच फाटलं, तिथं ठिगळ लावणार कुठं?

एकेक तोंड मिटलं ते मिटलंच. केशरी मांस झडून खालचा पांढरा दगड उघडा पडला. असल्या गोष्टींना ओढूनताणून गोड शेवट करणारे लोक असतात, मला त्यांचा राग येतो. शेवटचं तोंड गेलं त्या दिवशी ती पाणी बदलायला उठलीच नाही.

संध्याकाळी कवळीवाल्यांनी पंप बंद केला, थेंब सोडला आणि वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. मग ते हळूच तिच्याजवळ येऊन बसले.

"तू यांना भरवायला विसरलीस का गं?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "विसरले."

त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आवाजात जराही राग नव्हता.

"असू दे. वय झालं की होतं असं. उद्यापासून मी भरवत जाईन."