शांत बाळाला दहा गुण

मला एक खोली हवी होती. मोठी नको, चुना लावलेली नसली तरी चालेल, पण गिरणीच्या फाटकाच्या आत आणि खिडकी असलेली. तीत सहा-सात दोरीचे पाळणे, एक चूल, पाण्याचं पिंप आणि पोरं सांभाळणारी एक धडधाकट बाई. एवढं मिळालं की सूत गुंडाळायच्या रीळखात्यात काम करणाऱ्या बायकांची तान्ही मुलं दिवसभर जागी राहू शकतील, असा माझा अर्ज होता. तो वाचून आरोग्य कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "बाई, पोरं झोपवायला जागा मागणारे पाहिलेत. जागी ठेवायला मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

अध्यक्ष नामांकित वकील होते आणि रावसाहेबही होते. दोन्ही गोष्टींमुळे त्यांना समोरच्याचं म्हणणं अर्ध्यात कळत असे. मी नगरपालिकेची घरोघर फिरणारी नर्स. सोलापुरात माझ्यासारख्या आम्ही दोघीच होतो. त्यातली दुसरी लग्न करून परगावी गेली, तेव्हा तिचे वॉर्डही माझ्याकडे आले. पगार आला नाही.

अर्ज मी उगाच केला नव्हता. गिरणीच्या चाळीतल्या मुलांच्या प्रकृतीची चौकशी करायचं काम कमिटीनंच मला दिलं होतं. प्रश्न रावसाहेबांच्या दिवाणखान्यात चिवडा खात तयार झाले होते. घरास खिडक्या किती? बालकास फळांचा रस मिळतो काय? बालक सायंकाळी मोकळ्या हवेत फिरावयास जाते काय? हा शेवटचा प्रश्न मी एका बाईला विचारला. एका कडेवर पोर, दुसऱ्या कडेवर घागर. ती म्हणाली, "जातंय की. आत्ता जाऊन आलं. नळावर."

दोन दिवस असली उत्तरं गोळा केल्यावर मी ते प्रश्न पिशवीत ठेवले आणि माझा एकच प्रश्न घेऊन फिरू लागले: मूल जागं कधी असतं? कारण एक गोष्ट मला खटकत होती. भर दुपारी मी चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. शेजारच्या विणकरांच्या घरांतून मागांची खटखट ऐकू यायची, कुठे भाकरी थापल्याचा आवाज यायचा, पण एकही तान्हं मूल रडताना ऐकू यायचं नाही. घराघरात तान्हं होतं आणि सगळी चाळ गप्प. सामान्य माणसाला याचं कौतुक वाटेल. नर्सला घाम फुटतो.

उत्तर कुणी लपवलंही नाही. सकाळचा भोंगा झाला की आई बाळगोळी काढायची. अफूची, बाजरीच्या दाण्याएवढी, कोणत्याही किराणा दुकानात मिळणारी. बोटावर दुधाच्या थेंबात कालवून पोराला चाटवायची आणि कामावर जायची. संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत मूल निपचित. दूध नाही, पाणी नाही, हालचाल नाही. चाळीत एक तेलुगू म्हातारी सगळ्यांच्या पोरांवर नजर ठेवायची, म्हणजे दारात बसून कुत्री हाकलायची. ती मला म्हणाली, "बहुत शाना पोरं, अम्मा. एक बी तकलीफ देत नाही."

या पोरांच्या आयांपैकी एकीशी माझं विशेष जमलं. मोहोळकडच्या खेड्यातली, नवऱ्याबरोबर गिरणीत आलेली. आधीची दोन गेली होती. तिसरी ही मुलगी, आठ महिन्यांची, चार महिन्यांची दिसणारी. मी गोळीबद्दल बोलले, तशी ती मशीनवर बोलावं तसं मोठ्यानं म्हणाली, "मग काय करू बाई? गिरणीत पोर न्यायचं न्हाय. घरी उघड्या डोळ्याचं पोर टाकलं तर रांगत चुलीत जातंय. तुमीच सांगा, काय करू?"

मला सांगता आलं नाही, म्हणून मी अर्ज केला.

कमिटीत दोन गोष्टी ठरल्या. पहिली, अहवालात 'अफू' हा शब्द घालू नये, कारण गिरणीचे मॅनेजर दरवर्षी कमिटीला देणगी देतात आणि त्यांना वाईट वाटेल. दुसरी, लवकरच शहरात सुदृढ बालकांची स्पर्धा भरवायची आहे. तीत चाळीतली मुलं खरोखर रोगट दिसली, तर खोलीचा विचार करू. सुदृढ दिसली, तर खोलीचा प्रश्नच मिटला.

स्पर्धेचे गुण कमिटीवरच्या डॉक्टरांनी ठरवले. वजनाला इतके, दातांना इतके, देवी काढल्या असल्यास इतके, स्वच्छतेला इतके. आणि शांत स्वभावाला दहा. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हे दहा खणखणीत रडण्याला द्या."

"नर्सबाई, रडणं हे दुखण्याचं लक्षण आहे."

"आणि न रडणं?"

"ते वळणाचं," अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या. त्या महिला शाखेच्या प्रमुख होत्या. सगळे हसले आणि दहा गुण मंजूर झाले.

मग शहरभर दवंडी पिटली. पहिलं बक्षीस म्हणजे कमिटीच्या एका सभासदांच्या गोठ्यातलं शेरभर दूध, रोज, वर्षभर. दवंडीवाल्यानं आपल्या पदरचं वाक्य जोडलं, "रडक्या पोराचे गुण कापले जातील होऽऽ!" त्याला बाकीचं काही कळलं नसावं, पण मर्म बरोबर कळलं होतं.

मी चाळीत दारोदार सांगत फिरले: त्या दिवशी गोळी देऊ नका. गिरणीनं बायकांना दुपारची सुट्टी दिली होती, मूल आईच्या मांडीवरच असणार होतं. सगळ्या म्हणाल्या, "व्हय बाई." मोहोळची बाई मात्र वाद घालू लागली.

"बाई, ही रडती का? भुकेनं. माझं दूध आटलंय. वर्सभर शेरभर दूध मिळालं तर ही कशाला रडंल? आन रडली न्हाय तर मी गोळी कशाला दीन?"

"दूध मिळालं तरी दिवसभर पाजणार कोण?"

"म्हातारीला सांगंन. आधी मिळू द्या की."

तिचा हिशेब कमिटीच्या हिशेबापेक्षा सरळ होता. म्हणूनच मला भीती वाटली.

स्पर्धा थंडीत, एका शाळेच्या मैदानावर मांडव घालून झाली. झेंडूची तोरणं, बँड, फोटोग्राफर, पाहुण्यांसाठी पितळी बंब भरून कॉफी. प्रमुख पाहुणे गिरणीचे मॅनेजर. सतरंजीवर एका बाजूला पेठांतली मुलं आणि दुसऱ्या बाजूला चाळीतली.

पेठांतल्या मुलांनी मांडव डोक्यावर घेतला. अध्यक्षांच्या नातवानं तर कमालच केली. डॉक्टरांनी छातीला नळी लावताच त्यानं त्यांचा चष्मा ओढला, तपासणीच्या कागदांवर मुतला आणि असा टाहो फोडला की बँडवाले आपसूक थांबले. त्या मांडवात त्याच्याइतकं निरोगी मूल दुसरं नव्हतं. डॉक्टरांनी शांत स्वभावाच्या रकान्यात शून्य लिहिलं. आजीबाई पदर सावरत म्हणाल्या, "आमचा जरा उत्साही आहे."

चाळीच्या बाजूला मात्र देवळातली शांतता होती. आया ताठ बसलेल्या, मांडीवर पोरं निजलेली, काजळाची तीट लावलेली, डोक्याला तेल. मी रांगेतून फिरत एकेकीला विचारत गेले. कुणी नजर वळवली, कुणी म्हणाली, "झोपेची येळ हाय तिची." मी डॉक्टरांकडे गेले. ते बेरीज करत होते. "नंतर, नंतर," म्हणाले.

पहिला नंबर मोहोळच्या बाईच्या मुलीचा आला. वजनात ती कमी होती, पण सकाळी न्हाऊ घातली होती, देवी काढल्या होत्या आणि शांततेत तिनं सगळ्यांना मागं टाकलं होतं. मॅनेजरसाहेब खूष झाले. मुलीला हातावर घेऊन अध्यक्षांना म्हणाले, "पाहा, आमच्या कामगारांची मुलं! आणि तुमच्या नर्सबाई खोली मागतात."

अध्यक्ष म्हणाले, "प्रश्न मिटलाच म्हणायचा."

फोटोग्राफर काळ्या कापडाखालून म्हणाला, "साहेब, मूल हलू देऊ नका." मग बाहेर डोकं काढून त्यानं कौतुकानं पाहिलं. "वा! इतकं शहाणं मूल जन्मात पाहिलं नाही."

मुलीचा हात साहेबांच्या कोटावरून घसरला आणि लोंबकळत राहिला. ओठ जांभळट दिसले. मी पुढे झाले आणि मुलगी ओढूनच घेतली. पापणी वर केली, डोळ्यातली बाहुली मोहरीहून बारीक झालेली. श्वास येत होता, पण पुढचा येईल की नाही याची वाट पाहावी लागत होती.

आता नर्सच्या पद्धतीनं, क्रमानं सांगते. आधी अंगावरचं झबलं आणि कुंची काढली. मग तळपायांवर टिचक्या. मग तोंडावर गार पाणी. मग पाहुण्यांच्या बंबातली कोरी कॉफी, कोमट करून, चमच्याच्या टोकानं, ती गिळते आहे ना हे बघत. डॉक्टरांना हाक मारली. त्यांच्याबद्दल एवढं सांगितलंच पाहिजे की त्यांनी बेरीज टाकली, कोट काढला, सतरंजीवर गुडघे टेकले आणि मुलीचे हात वर-खाली करत तिच्या छातीत हवा भरू लागले. तो माणूस मूर्ख नव्हता. कमिटीत बसला की होत असे.

अध्यक्षांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी भाषण सुरू केलं. लिहून आणलं होतं आणि बँड थांबलेला होता. आमच्या डोक्यावरून राष्ट्राची भावी पिढी, आर्यभूमीची माता, आरोग्य हीच संपत्ती, असं एकेक जात होतं. कुणी टाळ्याही वाजवल्या.

मुलीची आई बाजूला उभी होती. ती माझ्याशी नाही, सतरंजीशी बोलल्यासारखं म्हणाली, "एकच जादा दिली व्हती. दुदासाठनं."

मी टिचक्या मारत राहिले. डॉक्टर म्हणाले, "चालू ठेवा." भाषण प्राचीन काळातून अजून बाहेर आलं नव्हतं, तेवढ्यात मुलीनं तोंड वाकडं केलं, एक उचकी दिली आणि रडली. मांजराच्या पिलासारखं, बारीक, तुटक. पण रडली.

आणि तिच्या आईनं झडप घालून तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप, गप माझे बाय! गुण जात्याल!"

मी तो हात काढला. इतका जोर लावावा लागला की माझ्या बांगड्या फुटल्या. "रडू दे तिला," मी ओरडले, "रडू दे!" भाषण थांबलं. मांडवात एकदाची खरीखुरी शांतता झाली आणि तीत ती मुलगी एकटी रडत होती.

मॅनेजरसाहेबांना बोलणं भाग होतं. काही वेळापूर्वी ती त्यांच्या हातावर होती. ते आईला म्हणाले, "असली गोळी देताच कशाला? घरी सांभाळायला कुणी नाही?"

"कोन हाय साहेब? धनी तुमच्या गिरणीत, नणंद तुमच्या गिरणीत. सासू व्हती, ती बी तुमच्याच गिरणीत खोकून मेली."

"ते असू दे. उद्यापासून गोळी बंद."

"बंद तर बंद. ठिवू कुटं?"

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी डॉक्टरांकडे, डॉक्टरांनी माझ्याकडे. मी म्हणाले, "कापसाच्या गोदामाशेजारी रद्दीची खोली आहे. पूर्वेला खिडकी आहे. झाडून घेतली की होईल." साहेब मोटारीत बसून गेले.

कमिटीनं अहवालात लिहिलं की गर्दीमुळे एका बालकास किंचित ग्लानी आली. पहिलं बक्षीस मात्र त्या मुलीला मिळालं नाही. शेवटी ती रडल्यामुळे शांत स्वभावाचे दहा गुण कापले गेले आणि दूध एका सूत-दलालाच्या गुटगुटीत मुलाकडे गेलं. त्याच्या दारात दोन म्हशी होत्या. मी विरोध नोंदवायला सांगितला, तर चिटणीस म्हणाले की विरोधासाठी वेगळा रकाना नाही. पुढच्या वर्षी कमिटीनं बालकांची स्पर्धा रद्द करून फुलांचं प्रदर्शन भरवलं. ते फार यशस्वी झालं.

स्पर्धेनंतर तिसऱ्या का चौथ्या दिवशी गिरणीचा शिपाई माझ्याकडे आला आणि रद्दीच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवून गेला. चिठ्ठी नाही, हुकूम नाही. साहेब स्वतः ती खोली बघायला कधीच आले नाहीत. एकदा वऱ्हांड्यातून जाताना त्यांना आतलं रडणं ऐकू आलं, तेव्हा ते थबकलेले मी पाहिले. मग ते वळसा घालून पलीकडून गेले.

पाळणे चाळीतल्याच पुरुषांनी बांधून दिले. पोरं सांभाळायला तीच तेलुगू म्हातारी ठेवली. पहिल्या आठवड्यात ती रोज नोकरी सोडायची. "जागा पोरं फार खराब, अम्मा," ती म्हणायची, "हे मागते, ते मागते." गोळी सुटलेली मुलं चिडचिडी झाली होती, थरथरत होती, जुलाब होत होते. ते सगळं निभावावं लागलं. रीळखात्यातल्या बायकांवर देखरेख करणारी नायकीण दारात येऊन मला टोमणे मारायची, "बाई, खोली न्हाय, कोंबड्यांचं खुराडं काढलंय तुमी. माझ्या बायकांचं ध्यान धाग्यावर ऱ्हाईना." अध्यक्षांच्या पत्नी नाकाला रुमाल लावून पाहणीला आल्या आणि म्हणाल्या, "फारच गोंगाट हो. काही उपाय नाही का यांना शांत करायला?" डॉक्टर बरोबर होते. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "पुष्कळ झाले वहिनी उपाय."

दुपारची सुट्टी झाली की बाया पदरानं कापूस झटकत धावत यायच्या. दार लोटलेलं असायचं आणि आत सहा-सात पोरं एकदम रडत असायची. पहिल्या दिवशी मोहोळची बाई दाराशी येऊन थांबली. मी म्हटलं, "आत ये, तुझी तिसऱ्या पाळण्यात आहे."

"थांबा की बाई, जरा ऐकू द्या," ती म्हणाली. कान देऊन उभी राहिली आणि मग शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "ही बघ, ही माझी. लई घसा हाय तिला."