एक माणूस यायचाय

शाहीर मावशी गाण्यात मालकाचं नाव कधीच घ्यायच्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "त्याचं नाव बोर्डावर हाय की, मोठ्या अक्षरात. तुझं कुठं हाय?"

त्या मानखुर्दच्या. डफावर थाप पडली की कारखान्यातल्या मशिनचा आवाज मागे पडायचा. अंधेरीतल्या आमच्या औषधं भरायच्या कारखान्याने बारा कंत्राटी बायकांना एका सकाळी काढून टाकलं, तेव्हा मावशी दुसऱ्याच दिवशी गेटावर हजर झाल्या. भाषण नाही, घोषणा नाही. एकेकीजवळ बसून त्यांनी नाव, गाव, हातातलं काम विचारून घेतलं. संध्याकाळी पोवाडा तयार. त्यात त्या बारा जणी होत्या आणि काम बंद करून त्यांच्यासोबत बाहेर बसलेले आम्ही सहा पुरुषही.

आपलं नाव आलं की उभं राहून "आहे!" म्हणायचं, ही मावशींची रीत. पुष्पा वीस वर्षं बाटल्यांना लेबलं लावत होती. डफावर स्वतःचं नाव ऐकून ती लाजली. "अगं बाई, मी एवढी मोठी आहे?"

"मग! दुसऱ्याची लेबलं लावून लावून इसरलीस व्हय?"

चौथ्या दिवशी सुपरवायझरचा मला फोन आला. गाण्यात ज्या पुरुषांची नावं राहतील, त्यांचंही कंत्राट संपलं. मी मावशींना बाजूला घेतलं. "मावशी, माझं नाव काढा."

"घरी कोण कोण?"

"आई, बायको, दोन मुली."

"बरं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी आत मशिनवर होतो. बाहेरचं गाणं स्वच्छ ऐकू येत होतं. माझ्या जागी त्यांनी दुसरं नाव घातलं नव्हतं, तिथे नुसता डफ वाजला. कुणीतरी ओरडलं, "मावशी, चुकलात!"

"चुकले न्हाई. हितं एक माणूस यायचाय."

मी गेलो नाही. तीन आठवडे रोज ऐकलं आणि गेलो नाही. त्या बायकांच्या जागी आणलेल्या नव्या मुली मात्र गेटावर तीच नावं ऐकत होत्या. एक दिवस त्यांनीच मशिनला हात लावायला नकार दिला. बाराही जणी आणि बाहेर बसलेले बाकीचे पाच पुरुष कामावर परत आले.

मी माफी मागायला मानखुर्दला गेलो. मावशी मेथी निवडत होत्या. "माझ्याकडं कशाला आलास? त्यांच्या दारात जा. एकेकीच्या."

गेलो. कुणी चहा दिला, कुणी शिव्या. पुष्पाने मुलुंडच्या घराचं दार तोंडावर लावून घेतलं.

गेल्या वर्षी मावशी गेल्या. अंत्ययात्रेला चेंबूर, घाटकोपर, भांडुप, कुठून कुठून कामगार आले होते, आणि प्रत्येकाचं नाव त्यांच्या कुठल्या ना कुठल्या गाण्यात होतं. त्या माणसांत चालताना मला माझ्या जागी नुसता वाजलेला तो डफ आठवला. एवढ्या मोठ्या बाईने माझ्यासारख्याची जागा राखून ठेवली होती.

पुष्पाकडे मी तीनदा जाऊन आलो आहे. रविवारी पुन्हा जाणार आहे.