रापणीतला वाटा

आमच्याकडे एक नियम होता. रापणीच्या दोराला ज्याचा हात लागला, त्याचा माशात वाटा. मग तो कुणीही असो. रस्त्याने जाणारा पोस्टमन असो, सासुरवाडीला आलेला जावई असो, की नाक वाहणारं शेंबडं पोर असो. हात लागला की ओंजळभर तरी मासे मिळायचेच, आणि ते मागावे लागायचे नाहीत. वाळूत वाटे घातले जायचे आणि आपण जाऊन आपले उचलायचे. मागितले तर उलट तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, चिडायचा. म्हणायचा, "भीक मागतंस? दोर ओढलंस मा?"

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल टाकून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोराला वीस-पंचवीस माणसं. टाच वाळूत रोवायची आणि मागे मागे चालायचं. एका घराचं काम नव्हेच ते. म्हणून वाडीतल्या प्रत्येक घराची दोरावर जागा असायची. पावसाळ्यात समुद्र बंद, तेव्हा हीच माणसं भाताच्या चिखलात. नारळी पौर्णिमा झाली की पुन्हा दोरावर. तारली मासळी उदंड झाली तर माडांच्या मुळात खत म्हणून पुरायची. शेती आणि मासेमारी असे दोन धंदे आहेत हे मला शाळेच्या पुस्तकात कळलं. आमच्या घरात तो एकच होता.

दोरावर घरचा हात लागेनासा झाला की जागा जायची. हे काही कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा माझी पहिली काळजी तीच. मी इथे आखातात नोकरीला, आई तिथे गावी एकटी. शेजारचा म्हणाला, "मी धरतंय तुमच्या नावान दोर. वाटो तुमच्या आवशीक देतलंय." बरं वाटलं. माशांचं एवढं नव्हतं हो. आई एकटी असं किती खाणार? पण रोज सकाळी वाटा घेऊन कोणीतरी दारात येईल, "काकी, भांडा घेऊन ये गे" म्हणून हाक मारेल, हे माझ्या जिवाला बरं होतं. एकट्या बाईच्या दारात रोज एक हाक यावी. मला तेवढंच टिकवायचं होतं.

म्हणून दर रविवारी फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला. "आये, वाटो इलो?"

"इलो तर. बांगडे इले. पाच."

"केवडे?"

"बरे होते. हाताएवडे."

मग कालवण केलं की भाजले, तिरफळ घातलं की नाही, किनाऱ्यावर गर्दी होती का. पंधरा मिनिटं सहज जायची. माझी बायको पुण्याची. ती म्हणायची, "तुम्ही आईशी बोलता की मासळी बाजाराशी?" मुलगी मान वर न करता म्हणायची, "बाबा, इट्स जस्ट फिश." मला राग यायचा. जस्ट फिश! जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, दुसरं काय.

खरी गोष्ट अशी की इथे आल्यापासून चौदा वर्षांत मी रापण डोळ्यांनी पाहिली नव्हती. इथल्या शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. मुलीच्या ऊद मेथातल्या शाळेला कुलूप लागलं की आम्ही विमानात. आणि तेव्हाच नेमकं आमचं जाळं माळ्यावर असायचं. घरी जावं तर पाऊस, चिखल, सुकट आणि विजेचा लपंडाव. समुद्र नुसता ऐकायचा.

या जुलैमध्ये मुलगी पुण्याला कॉलेजला गेली. बायकोही तिच्याबरोबर गेली. मी त्यांना सोडून, गावी आठवडाभर राहून परत आलो. अल नहदातल्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर आता मी एकटा. मी सिलिकॉन ओएसिसमधल्या टॉवरचा मेंटेनन्स बघतो. दिवसभर लोकांचे एसी, लोकांचे गळके नळ, "यल्ला यल्ला, टेनंट इज वेटिंग." दिवसभर बडबड, आणि घरी आल्यावर एक शब्द नाही. पहिल्या महिन्यात मी बातम्या मोठ्याने लावून ठेवायचो. नंतर तेही सोडलं. एकदा शुक्रवारी संध्याकाळी घरात शिरलो तो थेट सोमवारी सकाळी वॉचमनला "सलाम" म्हणालो. मध्ये आईचा फोन सोडला तर तोंडातून आवाज निघाला नव्हता. स्वतःची कीव येते तेव्हा माणूस फार वाईट वागतो. मी मुलीला दोनदा उगाच फोनवर झापलं.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी घर खायला उठलं म्हणून पहाटे गाडी काढली आणि डोंगर ओलांडून पूर्व किनाऱ्यावरच्या कलबाला गेलो. तिथला समुद्र आमच्याच समुद्राचा सख्खा भाऊ. गाडी लावली आणि बघतो तर काय, किनाऱ्यावर जाळं ओढत होते!

रापणच ती. तशीच अर्धगोल, तसेच दोन दोर. फरक एवढाच की एक दोर पिकअप गाडीला बांधलेला आणि गाडी वाळूतून घरघरत जात होती. दुसऱ्या दोरावर पाच-सहा बंगाली आणि मल्याळी कामगार. माझं वय बावन्न, पोट सुटलेलं, पायात ऑफिसचे बूट. पण पाय काही माझं ऐकेनात. बूट काढले, पँट दुमडली आणि जाऊन दोर धरला. एका बंगाल्याने विचारलं, "क्या मांगता?" मी म्हणालो, "कुछ नहीं, खींचता हूँ." त्याने खांदे उडवले. या देशात वेड्यांची कमतरता नाही, तो तरी काय करणार.

काय सांगू! टाच वाळूत बरोबर रोवली गेली. पाठ बरोबर मागे गेली. हाताची सालटी निघाली आणि मी आनंदाने अक्षरशः रडकुंडीला आलो. अर्ध्या तासाने जाळं वर आलं, चांदीसारखी तारली नुसती उसळत होती. सगळे टोपल्या भरायला धावले. आणि मी काय केलं? गाडीतली प्लास्टिकची पिशवी आणली, ओणवा झालो, आणि आपला वाटा उचलायला लागलो.

"ऐ भाई! ऐ! क्या करता है? अरबाब देखेगा!"

एकजण माझं मनगट धरून ओरडत होता. मी उलट त्याच्यावर तडकलो, "रस्सी को हाथ लगाया ना मैंने?" त्याने माझं मनगट आणखी घट्ट धरलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी चोरी करत होतो. भर सकाळी, दुसऱ्याचे मासे, अनोळखी किनाऱ्यावर. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! आता पोलीस, मग कंपनी, मग व्हिसा.

पिकअपमधून मालक, म्हणजे त्यांचा अरबाब, उतरला. पांढरा पायघोळ कंदुरा, सत्तरीच्या पुढचा म्हातारा, काठी टेकत आला. इथल्या जुन्या लोकांना हिंदी येतं. मी हात जोडून सगळं सांगितलं. आमच्या गावात असं जाळं आहे, दोराला हात लावला की वाटा मिळतो, चुकून झालं, माफ करा.

म्हाताऱ्याने मला नीट न्याहाळलं. "तुम्हारा गाँव में अभी भी हाथ से खींचता?"

"हाँ अरबाब. अभी भी," मी छाती काढून म्हणालो. "मेरी माँ को रोज़ हिस्सा आता है. घर पे."

"माशाल्ला." तो म्हणाला. "इधर भी था. सब घर का आदमी आता था. खजूर का टाइम खजूर, मछली का टाइम मछली. मछली सुखा के गाय को, खजूर के झाड़ को. अभी खलास. मेरा लड़का लोग सब अबुधाबी, ऑफिस." मग पिकअपकडे काठी दाखवून म्हणाला, "गाड़ी अच्छा है. गाड़ी हिस्सा नहीं मांगता."

त्याने स्वतः वाकून माझी पिशवी भरली. काठोकाठ. मी नको नको म्हणत होतो, त्याने ऐकलं नाही. परतीच्या वाटेवर मला त्या म्हाताऱ्याची इतकी दया आली! मनात म्हटलं, बिचारा. पैसा आहे, गाड्या आहेत, पण दोरावर आपला माणूस नाही. आमची वाडी गरीब खरी, पण अजून ओढते आहे. असा सगळा माज करत मी घरी पोचलो आणि एकट्याने तारली तळून खाल्ली.

त्याच दिवशी डोक्यात आलं की आता आपल्याला शाळेच्या सुट्टीचं बंधन कुठे आहे? मुलगी तिकडे, बायको तिकडे. आता ऑक्टोबरमध्येही जाता येईल, ऐन हंगामात. शेजाऱ्यालाही साठी आली, तो किती वर्षं आमच्या नावाने टाच रोवणार? उद्या त्याने हात काढला की आमची जागा गेली आणि आईच्या दारातली हाकही गेली. एकदा आपण स्वतः जाऊन सगळ्यांसमोर दोर धरावा, म्हणजे पुढची काही वर्षं कुणी काही बोलणार नाही.

मॅनेजरकडे गेलो. तो म्हणाला, जुलैमध्येच गेला होतास ना? इमर्जन्सी आहे का? आता त्याला रापण कशी समजावणार. आठ दिवस त्याच्या मागे लागलो, दिवाळीची रजा सोडली, नाताळात ड्यूटी कबूल केली. शेवटी "ओके हबीबी, टेन डेज़" म्हणाला. मी तिकीट काढलं आणि रविवारची वाटही न बघता आईला फोन लावला.

"आये, मी येतंय! पंदरा तारखेक. दोर धरूक येतंय!"

मला वाटलं ती आनंदाने ओरडेल.

"कित्याक उगाच खर्च करतंस," ती म्हणाली. "मे म्हयन्यात ये. आंबे असतत."

"अगे, आंबे कोणाक व्हये? माका रापण ओढूची हा. आपली जागा—"

"खयची जागा?"

तिचा आवाज एकदम थकलेला आला.

"रापण नाय रे आता," आई म्हणाली. "बंद पडली. तीन वर्सां झाली."

मी म्हणालो, असं कसं, पाच बांगडे आले होते ना गेल्या आठवड्यात? ती परत आंब्यांचंच सांगायला लागली. मी पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात, तेव्हा म्हणाली, "ओढूक कोण आसा हय? एकेका घरातलो झील भायर. कोण गोव्याक, कोण मुंबैत, कोण तुझ्या थंय. सगळ्यांका वाटला आपलोच एक नाय, बाकीचे आसत. म्हातारे काय दोर ओढतले? जाळ्याचे तुकडे करून लोकांनी परड्याक कुंपण केल्यानी. आपल्या काकडीच्या वेलाक पण ताच लावलेला आसा."

ते कुंपण मी जुलैमध्ये पाहिलं होतं. पावसात छत्री धरून, "बरं केलंस गं, माकडं येणार नाहीत" असंही म्हणालो होतो. रापणीच्या जाळ्यासमोर उभा राहून मला रापण ओळखता आली नव्हती. मला त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण राग मात्र काढला तिच्यावर. तीन वर्षं खोटं बोललीस! दर रविवारी बांगडे, पेडवे, सुंगटां! मी इथे जगाला सांगत फिरतो! तू तिथे रोज काय खात होतीस? दारात कोण येत होतं?

"पेज खातंय. कोण येतला?" ती म्हणाली. अगदी साधेपणाने.

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"तू फोन केलंस की पयला ताच इचारतंस. वाटो इलो काय, केवडो मासो, कसो केलंस. बरो पंदरा मिन्टां बोलतंस." ती थांबली. "रापण बंद झाली म्हटला तर मगे माझ्यावांगडा काय बोलतलंस?"

मला तिला ताबडतोब सांगायचं होतं की असं काय म्हणतेस, बोलायला काय हजार गोष्टी आहेत. त्यातली एक काढून दाखवावी म्हणून मी तोंड उघडलं. गुडघे कसे आहेत, हे विचारता आलं असतं. त्याचं उत्तर एका शब्दात संपलं असतं. पुढे? तिला रात्री झोप लागते का, ती दुपारी कुठे बसते, वडील गेल्यावर तिला कशाची भीती वाटते, तिची एखादी मैत्रीण अजून जिवंत आहे का, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी ते कुठून विचारायला सुरुवात करायची हेही कळेना.

"आये," मी म्हणालो.

"सांग."

मला सुचेना. तिने फोन ठेवला नाही. मी काय विचारतो याची वाट बघत बसून राहिली.